पट

देवा, उद्या शाळा उघडते. सहावीचा नवा हजेरीपट आखून झाला, नावं लिहून झाली. घरातली सगळी निजली आहेत आणि मी दिवा लावून तुझ्यापुढं बसले आहे. आर्द्रा लागली आहे. बाहेर पाऊस मोठा नाही, पण एकसारखा आहे. सकाळपर्यंत बांध्या भरतील. मला तुझ्याकडं काही मागायचं आहे. त्याआधी काही कबूल करायचं आहे, आणि मधूनमधून भांडायचंही आहे. भांडणाची तुला सवय असेल. नामदेव-जनाबाईंनी ती लावूनच ठेवली आहे.

हा पट तुला ओळखीचा वाटेल. ही तीच मुलं आहेत, ज्यांची नावं मी २०२० च्या मार्चमध्ये पहिलीसाठी लिहून आणली होती. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गुढीपाडव्याला पट वाढवायची रीत आहे. घरोघर जायचं, सहा वर्षांचं लेकरू शोधायचं, आईला विचारून नाव लिहायचं, अंगणवाडीच्या बाईंकडची यादी ताडून पाहायची. त्या वर्षी मी पाडव्याची वाट न पाहता आधीच फिरले होते. गाव आणि तीन टोल्या मिळून ३१ नावं. एका आजीनं तर नाव सांगण्याऐवजी नातवालाच माझ्या स्कूटीवर बसवून दिलं, आताच घेऊन जा म्हणून. मी हसले आणि त्याला उतरवून ठेवलं. म्हटलं, पाडवा होऊ द्या. मग पाडवा आला, २५ मार्च, आणि देशाच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच निघाला. गुढ्या उभ्या राहिल्या. शाळेचं कुलूप तसंच राहिलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती आजवर कोणाला सांगितली नाही. त्याच मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शाळेत सावित्रीबाईंची पुण्यतिथी केली होती. मी मुलांना सांगितलं, १८९७ साली पुण्याला प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि त्याच रोगानं त्यांचा जीव घेतला. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, असा रोग आता येते का जी?" मी म्हटलं, नाही गं, आता नाही येत, आता औषधं आहेत. त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली. त्या वाक्याबद्दल मला क्षमा कर. मी खोटं बोलले नव्हते, पण शिक्षकाच्या तोंडून इतक्या खात्रीनं काही निघू नये.

मे महिन्यात शाळा उघडली, पण मुलांसाठी नव्हे. नागपूर, हैदराबाद, पुणे इथून परतलेली माणसं तिथं चौदा दिवस विलगीकरणात ठेवली. त्याच दिवसांत देवरीवरून जाणाऱ्या महामार्गानं छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडं पायी निघालेल्यांची रांग चालली होती. बायांच्या कडेवर पोरं, पोरांच्या पायात प्लास्टिकच्या बाटल्या चेपून केलेल्या चपला. त्यातली कितीतरी शाळेत जायच्या वयाची होती, आणि ती कोणत्याच पटावर नव्हती. जूनमध्ये मी वर्ग झाडायला गेले तेव्हा फळ्यावर माझ्या हातचा मार्चमधला सुविचार तसाच होता. त्याखाली कुणीतरी खडूनं दिवस मोजायला रेघा मारल्या होत्या. चौदा. सुविचार पुसला, रेघा काही दिवस राहू दिल्या.

आता भांडण. तू सगळं पाहत होतास, तर दारं उघडण्याचा तो क्रम तुला कसा पटला? महाराष्ट्रात दारूची दुकानं २०२० च्या मे महिन्यात उघडली. हॉटेलं आणि बार ऑक्टोबरात. तुझी मंदिरं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून, जिथं जमेल तिथं. पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून, आणि तेही दुसऱ्या लाटेनं पुन्हा बंद पाडले. लाट ओसरल्यावर खेड्यांतली पाचवीपासून पुढची शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला भरली आणि तीन दिवसांनी, घटस्थापनेला, तुझी दारं दुसऱ्यांदा उघडली. आणि पहिली ते चौथी? १ डिसेंबर २०२१. सगळ्या रांगेत शेवटी उभं होतं ते सहा वर्षांचं पोर, आणि नंबर लागेतो ते साडेसात वर्षांचं झालं होतं. माझी ३१ मुलं पहिलीच्या वर्गात कधी बसलीच नाहीत. थेट दुसरीत बसली, आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस घरी गेली.

खरं सांगते, त्या वेळी मीही शाळा उघडा म्हणून ओरडले नव्हते. मला भीती वाटत होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्यातलेही गेले. ज्यांच्याशी सकाळी फोनवर बोलले, त्यांच्या मरणाची बातमी तिसऱ्या दिवशी ग्रुपवर वाचली. आजीही तेव्हाच गेली, ती स्कूटीवाली. म्हणून बंद केल्याचा राग मला नाही. राग आहे तो लहानाचं सगळ्यात शेवटी आठवण्याचा.

मोठ्यांचंही काही बरं झालं नाही, पण त्यांचं नुसकान कागदावर तरी दिसलं. २०२० च्या दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो झालाच नाही. बाकीच्या पेपरांची सरासरी काढून गुण दिले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. देवा, तुझ्या परीक्षेतसुद्धा इतकी माणसं कधी पास झाली नसतील. पुढं ज्या पोरांनी नोकरीच्या अर्जात ते साल लिहिलं, त्यांना समोरचा माणूस हसून विचारतो, "कोरोना बॅच का?" त्या हसण्यातून त्यांना सोडव. परीक्षा त्यांनी टाळली नव्हती.

आणि आता जे सांगायला बसले, ते.

"शाळा बंद, पण शिक्षण आहे" असं आमचं घोषवाक्य होतं. हेतू चांगला होता, त्यात खोट काढणार नाही. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर अभ्यासमालेची लिंक यायची, ती मी पालकांच्या ग्रुपवर टाकायची. जुलैच्या २० तारखेपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी, फार मनापासून केलेली मालिका. नोव्हेंबरपासून व्हॉट्सॲपवरच स्वाध्याय आला, दर आठवड्याला प्रश्न. एवढं करूनही आमच्या टोलीवर काय झालं ते तुला ठाऊक आहे. २० जुलै म्हणजे आमच्याकडं धानाचा रोवणा ऐन भरात. माय बांधीत, बाप बांधीत, मोठी पोरगी पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकायला, लहानगं बांधावर. 'टिलीमिली' लागायची तेव्हा घराला कडी असायची, आणि कडी नसली तर वीज नसायची. ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, तेव्हा नदीकाठच्या गावांत चार्जिंगचा विषयच उरला नाही.

माझ्या वर्गात ३१ मुलं आणि नेट चालणारे फोन ९. त्यातले किती दिवसा घरी? मी विचारत फिरले. "मोबाईल बाबाजवळ रायते जी." बाबा कुठं? ट्रॅक्टरवर. संध्याकाळी येतो, तेव्हा रिचार्ज संपलेलं, किंवा पोराचे डोळे मिटलेले. घरात फोन असणं आणि पोराच्या हातात असणं यात किती अंतर असतं, ते 'असर' या शिक्षणाच्या पाहणीनंही २०२१ ला दाखवलं: देशातल्या खेड्यांत ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यातल्याही चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलांना तो मिळतच नव्हता. ती पाहणी मी नंतर वाचली. आधीपासून ठाऊक होतं ते छापलेलं पाहिलं, एवढंच.

रोज संध्याकाळी एक फॉर्म भरायचा असे. आज किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलात? पहिल्या दिवशी मी लिहिलं, ६. दुसऱ्या दिवशी फोन आला, इतके कमी का, कारणं लिहून द्या. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, २७.

ते २७ मी लिहिलं, देवा. कोणी माझा हात धरला नव्हता. पुढं ते रोजचंच झालं. कधी २६, कधी २८, खरं वाटावं म्हणून थोडं हलवत राहिले. एकच मूल मी कधी लिंकच्या रकान्यात मोजलं, कधी टीव्हीच्या, कधी स्वाध्यायाच्या, आणि तिन्ही मिळून बेरीज अशी सुंदर झाली की माझ्या वर्गात नसलेली मुलंही शिकू लागली. माझ्यासारखे किती असतील? असे आकडे थेंबाथेंबानं वर गेले, वर त्यांचा तलाव झाला, आणि त्या तलावात पाहून कोणाला तरी वाटलं असेल की पाणी भरपूर आहे.

याची लाज मला ज्या दिवशी वाटली तो दिवस सांगते. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यत्वे आमच्याच जिल्ह्यात. दर जूनमध्ये त्यांची मोजणी होते. मी एका वर्षी गेले. पहाटे अंधारातच तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहायचं, बोलायचं नाही, फटफटलं की डोळ्यांनी दिसेल तेवढाच पक्षी लिहायचा. सगळ्या ठिकाणी एकाच वेळी मोजतात, कारण इथून उडालेला तिथं बसला तर एकच सारस दोनदा मोजला जाईल. बरोबरच्या पोरानं एक लांबचा ठिपका दाखवला. मोजणाऱ्यानं तो लिहिला नाही. म्हणाला, "दिसला नाही नीट, मग कसा लिहायचा?" मी तिथं चिखलात उभी होते आणि मला २७ आठवले. पाखरू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि लेकरू न पाहता लिहायचं. आमचं शास्त्र असं कसं झालं?

तर पहिलं मागणं हे. मला नीट मोजता येऊ दे. सहा असतील तर सहा लिहायचं बळ दे, आणि वरच्यांना सहा वाचायचं. आता नव्या गोष्टी येताहेत, ॲप येतात, फोटोतून हजेरी येते, टॅब येतात. येऊ देत. मला त्यांचा राग नाही. त्या नऊ फोनांवर जी मुलं खरंच शिकली, त्यांचं मी नाकारत नाही. पण कोणत्याही पडद्याला पटाची जागा देऊ नको.

१ डिसेंबरला वर्ग भरला. दारात रांगोळी, सॅनिटायझर, थर्मामीटर, फुगे. दुसरीची मुलं आत आली आणि उभीच राहिली. बसायचं कुठं, बसायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दीड वर्षाच्या अभ्यासाचं नुसकान सगळे मोजत होते. चाळीस मिनिटं एका जागी, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, ही जी शाळेची पहिली विद्या, तिचा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता.

माझ्या तोंडाला मास्क. आमच्या झाडीतल्या पोरांच्या तोंडी 'ळ' बसायला वेळ लागतो, डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा. 'ळ' शिकवायचा तर जीभ कुठं वळते ते दाखवावं लागतं. मी मास्कच्या आत जीभ वळवत होते आणि पोरं माझ्या डोळ्यांकडं पाहत होती. शेवटी मी दारात जाऊन, त्यांच्यापासून दहा फुटांवर उभी राहून मास्क खाली केला. माझा चेहरा पाहून एक मुलगी लाजली. तिनं तो आधी पाहिलाच नव्हता.

सालेकसा-देवरीकडच्या मैत्रिणींचं दुःख याहून मोठं. त्यांच्या वर्गातलं लेकरू घरी गोंडी बोलतं. मराठी त्याला फक्त शाळेत ऐकायला मिळते. दीड वर्ष शाळा नाही म्हणजे दीड वर्ष मराठी नाही. आश्रमशाळेतली मुलं तर मार्चमध्ये गावी पाठवली ती तिथंच राहिली. आदिवासी विकास विभागानं 'अनलॉक लर्निंग' म्हणून पुस्तिका दिल्या, शिक्षक पाड्यावर गेले, काहींनी फार चांगलं काम केलं. पण अनोळखी भाषेतली पुस्तिका लेकराशी बोलत नाही. तिला बोलतं करायला माणूस लागतो.

आणि तो आजीचा नातू. दुसरीत पहिल्याच आठवड्यात मी त्याला अंक म्हणायला सांगितले. धडाधड म्हणाला, एकदा चुकला नाही. मी चकित झाले, हा शिकला कुठं? सत्तरला येऊन थांबला. मी विचारलं, "सत्तरच्या पुढं काय येते रे?" तो म्हणाला, "पुडा बांधाचा, मॅडम."

तेंदूपत्त्याचा पुडा सत्तर पानांचा असतो. दोन उन्हाळे तो मायसंगे पानं मोजत बसला होता. जगातले सगळे अंक त्याच्या लेखी सत्तरला संपत होते. त्या दिवशी मी वर्गात हसले, आणि घरी येऊन रडले. देवा, जंगलानं त्याला मोजायला शिकवलं, ते मी करू शकले नव्हते; त्याबद्दल जंगलाचे आभार. पण एक्काहत्तर शिकवणं माझं काम होतं.

सातवीतली ती मुलगी, प्लेगाचं विचारणारी, तिचंही सांगते. तिच्या घरी फोन एक, भावंडं तीन, आणि फोन आधी भावाचा. आठवीला दुसऱ्या गावी जायचं होतं, ती शाळा बंद. दोन रोवणे तिनं मजुरीनं केले आणि मग शाळा उघडली तरी ती गेली नाही. आमच्या जिल्ह्याचा आम्हाला अभिमान आहे, २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९९९ बाया. मुली आम्ही जन्माला येऊ देतो. पुढच्या हिशेबाचं मात्र तू विचारू नको. मागच्या वर्षी बचत गटाच्या बैठकीला गेले, तर रजिस्टर कोणीतरी फार देखणं लिहिलेलं. अक्षर ओळखलं. तिचंच. सासरच्या गावात ती आता गटाचा हिशेब लिहिते. 'श'चा पाय ती अजून तसाच लांब ओढते, मी शंभरदा सांगूनही न सुधारलेला. मी तो पाय बराच वेळ पाहत बसले.

तुझे आभारही मानायचे आहेत, नाहीतर ही प्रार्थना म्हणजे तक्रारवहीच होईल. ज्यांच्या ओट्यावर आम्ही चुन्याची वर्तुळं काढून पाच-पाच पोरं बसवली, त्या घरांना सुखी ठेव. समाजमंदिराची किल्ली न विचारता देणाऱ्या त्या पाटलांना सुखी ठेव. पोषण आहार शिजवणं बंद झालं तेव्हा कोरडा तांदूळ वाटायचा होता, पाचवीपर्यंत पोरामागे दिवसाला १०० ग्रॅम, पुढं १५०. धानाच्या जिल्ह्यात तांदूळ काय वाटता, असं काही जण हसले. पण ज्या मायनं ओच्यात तो घेतला ती हसली नव्हती. पालघरकडं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भोंगा लावून 'बोलकी शाळा' भरवणाऱ्यांना, सोलापुरात नीलमनगरच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवणाऱ्यांना, आणि नाव कुठंही न छापलेल्या आमच्या त्या सगळ्या गुरुजींना, जे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे करताना एका हातात ऑक्सिमीटर आणि दुसऱ्या हातात उजळणीचं पुस्तक घेऊन फिरले, उदंड आयुष्य दे. २०२० च्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शाळा बंद असलेल्या वर्षात आमच्यातल्या एकाला जगानं पाहिलं, याचं मला फार बरं वाटलं होतं.

कचारगडच्या गुहेची गोष्ट तुला नव्यानं काय सांगायची? सालेकसा तालुक्यात, दरेकशाच्या डोंगरात ती गुहा आहे, आणि माघ पौर्णिमेला गोंड लोक अनेक राज्यांतून तिथं येतात. गोष्ट सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. मी ऐकलेली अशी: काली कंकाली मायची ३३ मुलं त्या गुहेत कोंडली गेली, तोंडाशी मोठी शिळा. हिरासुका नावाचा वादक आला, त्यानं वाजवत वाजवत ती शिळा हलवली. मुलं बाहेर आली, तो शिळेखाली गेला.

शाळा उघडली त्या दिवसांत मला ही गोष्ट सारखी आठवायची. ३३ मुलं, अंधार, तोंडाशी शिळा. माझी ३१. पण गोष्ट तिथं संपत नाही, ते मी नंतर ध्यानात घेतलं. बाहेर आलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोनं जवळ घेतलं, शिकवलं, रीतभात दिली, आणि मग ती आपापल्या कुळांची मूळपुरुष झाली. शिळा सरकवणं ही अर्धी गोष्ट. आम्ही तेवढ्यावर फुगे फुगवले. उरलेल्या अर्ध्यासाठी काय केलं? ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, तोही जुलै २०२१ मध्ये, शाळा बंद असताना. नदीवरचा पूल आम्ही पुन्हा फोनवरूनच पाठवला.

'असर'चे आकडे पुन्हा एकदा सांगते, आता शेवटचे. देशातल्या खेड्यांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, ती २०१८ ला शंभरात २७.३ होती, २०२२ ला २०.५ झाली, आणि २०२४ ला पुन्हा २७.१. लोक म्हणतात, भरून निघालं. देवा, २०२४ च्या तिसरीतली मुलं वेगळी आहेत. टाळेबंदी लागली तेव्हा ती अजून अंगणवाडीच्या वयाची होती. आकडा भरून निघाला. ज्यांचा खड्डा होता ती मुलं तो खड्डा पोटात घेऊन पुढं गेली, आणि उद्या सकाळी माझ्या सहावीत येऊन बसणार आहेत. त्यातल्या काहींना अजून जोडाक्षर आलं की डोळे चोरायची सवय आहे. उंची वाढली, मिसरूड येईल, आणि 'स्वातंत्र्य' हा शब्द आला की खोकला येतो.

त्यांच्यासाठी मागते. मला एक वर्ष धीर दे. सहावीच्या पोराला पहिलीचं पुस्तक देताना ते त्याच्या मित्रांना दिसणार नाही, इतकी युक्ती दे. पाठ्यक्रम संपला का, असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायची ताकद दे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची यादी पुन्हा मागवली जाईल, आमच्या दोन टोल्या त्यात असतील. तिथलं पोर जंगलातून चार किलोमीटर चालत समूह शाळेत जाईल की शेळ्यांमागं, याचा विचार करणाऱ्या माणसाच्या हाती ती यादी पडू दे. ज्यांचे दोन्ही पालक कोरोनानं नेले त्यांच्या नावावर सरकारनं ५ लाखांची ठेव ठेवली आहे. ती मोडायची वेळ येईल तेव्हा त्यांच्याभोवती काका-मामा कमी आणि शहाणी माणसं जास्त असू देत. आणि पुन्हा कधी असं संकट आलं, तर उघडण्याच्या रांगेत सगळ्यात लहान पोराला पुढं उभं कर. तुझं मंदिर थोडं उशिरा उघडलं तरी तू रागावणार नाहीस, एवढी ओळख आता आपली झाली आहे.

राहिला पट. ३१ तली २७ नावं मी आज लिहिली. दोघी आश्रमशाळेत आहेत, त्यांचं नीट चाललं आहे, मी विचारून घेतलं. एक पोरगा राजनांदगावकडं मामाच्या घरी शिकतो. आणि एक, आजीचा नातू. २०२२ च्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला आणि त्याचे मायबाप एका ठेकेदाराच्या गाडीत बसून कामाला गेले. कुठं, ते शेजाऱ्यांना सांगता येत नाही. कोणी सुरत म्हणतं, कोणी तेलंगणा. फोन लागत नाही. ऑनलाइन शोधलं, कोणत्याही शाळेत त्याचं नाव चढलेलं दिसलं नाही. घराला कुलूप आहे, छपराचे कवेलू खाली येऊ लागले आहेत.

तो जायच्या आधी आम्ही ब्याण्णवपर्यंत आलो होतो.

एवढ्या एकाला तू मोज. तुझ्या डोळ्यांना दिसत असेल तर लिही, मला कळव. त्याचा दाखला मी लिहून ठेवला आहे, शाळेच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे. शाळा सोडल्याच्या तारखेची जागा कोरी ठेवली आहे.